माऊस पॅडवर रुततो. दमट हवेत टिकणारा माऊसपॅड सुचवा (मदत हवी आहे)

नकाशेवाला

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरीत असतो, घरून ऑटोकॅडची कामं करतो. दिवसभर हात माऊसवर, आणि त्यातला निम्मा वेळ मधलं चाक दाबून ड्रॉइंग इकडून तिकडे सरकवण्यात जातो.

तक्रार अशी की माऊस नीट सरकत नाही. लांबची हालचाल ठीक होते. पण भिंतीच्या रेषेचं टोक पकडायला केसभर हलवायचं असलं की आधी तो हलतच नाही, आणि जोर लावला की टोक ओलांडून पुढे जातो. पावसाळा लागला की हे फारच वाढतं. दुपारी हात घामेजला की मनगट टेकतं तेवढा भाग तर सरळ चिकट लागतो.

पॅड कापडी आहे, कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात दोन-अडीचशेला मिळतो तसला, वीतभर. कडा उसवल्यात, एका कोपऱ्यात कापड रबरापासून सुटून फुगा आलाय. त्याआधी मोठा रेक्झिनसारखा डेस्कमॅट होता. दिसायला झकास, पण वरच्या थराचे पापुद्रे निघायला लागले आणि मनगटाला काळे कण चिकटायचे. बायकोने तो एक दिवस परस्पर भंगारात दिला, बरंच केलं.

माऊस वायरवाला, ऑप्टिकल, चांगला वजनदार. टेबल सनमायकाचं. बजेट हजारपर्यंत, खरोखर टिकणार असेल तर थोडं वर जाईन. गेम खेळत नाही, त्यामुळे पॅडच्या जाहिरातीत 'स्पीड' आणि 'कंट्रोल' असं जे लिहितात ते माझ्या कामाला काय लागू होतं ते कळत नाही. कापडी, प्लास्टिकचा की काचेचा? आणि माऊस गुळगुळीत सरकावा म्हणून आणखी काही करता येतं का?

---

कॅरमपटू

एक चिमूट बोरिक पावडर टाका पॅडवर. स्ट्रायकर बघा कसा पळतो ते. :)

---

मोडकंतोडकं

कॅरमपटू, तुमची गंमत खरी मानून लोक करतात हो. माझ्याकडे दुरुस्तीला असे माऊस येतात. पावडर कापडाच्या विणीत बसते, दमट हवेत तिचा लगदा होतो, आणि उरलेली माऊसच्या पोटातल्या भोकातून आत जाऊन सेन्सरच्या भिंगावर बसते. टाल्कम पावडरचंही तेच. सिलिकॉन स्प्रे, खोबरेल, मेण यातलं काहीही नको.

नकाशेवाले, नवा पॅड घेण्याआधी एक काम करा. कॉम्प्युटर बंद ठेवून माऊस नुसता हाताने हळू हळू सरकवा. हाताला अडकल्यासारखं जाणवलं तर घर्षणाचा मामला. हाताला मऊ जातोय आणि चालू केल्यावर फक्त बाण उड्या मारतोय, तर सेन्सरचा किंवा पृष्ठभागाचा, तिथे पॅड बदलण्याआधी भिंग पुसून बघायचं. (वायरलेसवाल्यांसाठी: डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये असेल तर त्याच्या शेजारच्या गोंगाटाने २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल बिघडू शकतो. छोटी एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल पॅडजवळ आणा.)

अडकणं हाताला जाणवत असेल तर माऊस गुळगुळीत पुठ्ठ्याच्या रजिस्टरवर सरकवून बघा. तिथे छान गेला तर दोष पॅडचा, तिथेही रुतला तर दोष पायांचा. आणि माऊस उलटा करून पायांचा फोटो टाका.

---

नकाशेवाला

मोडकंतोडकं, धन्यवाद. दोन्ही करून बघितलं. कॉम्प्युटर बंद असतानाही रुततोच. रजिस्टरवर पॅडपेक्षा बरा, पण मऊ म्हणावा असा नाही. म्हणजे दोघेही दोषी दिसतात.

फोटो टाकलाय. खाली चार काळ्या पट्ट्या आहेत. प्रत्येक पट्टीभोवती राखाडी मळाची कड जमलीय, नखाने खरवडली तर मेणासारखी निघते. पुढच्या दोन पट्ट्या इतक्या झिजल्यात की बोट फिरवलं तर पट्टी कुठे संपते आणि माऊसचं प्लास्टिक कुठे सुरू होतं ते कळत नाही.

---

मोडकंतोडकं

मग निम्मं उत्तर तिथेच आहे. त्या पट्ट्या म्हणजे माऊसचे पाय, बाजारात 'स्केट' म्हणून मागा. चांगले पाय पीटीएफईचे असतात, म्हणजे नॉनस्टिक तव्याला असतं तेच टेफ्लॉन. काळे असतात त्यात रंग मिसळलेला असतो, पांढरे बहुधा शुद्ध पीटीएफई. तुमचे पुढचे पाय संपलेत, म्हणजे माऊसचं साधं प्लास्टिक कापडावर घासतंय. या अवस्थेत पाच हजाराचा पॅड आणलात तरी तेच.

बदलायचे असे: हेअर ड्रायरने जुने पाय थोडे गरम करा, प्लास्टिकच्या जुन्या कार्डाच्या कोपऱ्याने एका बाजूने उचला. खाली गोंद राहतो तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा, मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे 'आयपीए' म्हणून मिळतं. थिनर किंवा पेट्रोल लावू नका, माऊसचं प्लास्टिक विरघळेल. खाचा अगदी कोरड्या झाल्या की नवे पाय बसवा आणि मिनिटभर दाबून धरा. गोंदाचा एक कण जरी खाली राहिला तरी तो पाय वर उचलला जातो आणि माऊस तीन पायांवर डुगडुगतो.

पाय घेताना आपल्या माऊसच्या मॉडेलचेच घ्या. नाही मिळाले तर गोल ठिपक्यांचे सगळ्याला चालणारे मिळतात. फक्त फर्निचरला लावायचे फेल्ट किंवा नायलॉनचे पाय नकोत. जाड पायांनी माऊस वर उचलला जातो, आणि सेन्सर पृष्ठभागापासून ठरावीक उंचीसाठीच जुळवलेला असतो. मिलिमीटर-दीड मिलिमीटर वर गेला तरी काही माऊस हालचाल वाचणं बंद करतात.

नवे पाय पहिले काही दिवस जरा खरखरीत लागतील, कडा धारदार असतात म्हणून. वापरून त्या गोल होतात. घाई करून सँडपेपर मारू नका.

---

सायन्सचा_तास

'आधी हलत नाही, मग एकदम उडी मारतो' हे वर्णन पाठ्यपुस्तकात घालण्यासारखं आहे. थांबलेली वस्तू हलवायला स्थितिक घर्षणावर मात करावी लागते, हलती ठेवायला गतिक घर्षणावर. या दोन्हींत फरक जितका मोठा तितकी ती उडी मोठी. पीटीएफई इथे वापरतात ते नुसतं गुळगुळीत असतं म्हणून नाही. त्यात या दोन घर्षणांमधला फरक फार थोडा असतो, म्हणून सुरुवातीचा धक्का लागत नाही. नकाशेवाले, तुमच्या कामाला वेग नकोय, सुरुवात मऊ हवीय. पॅडवर 'स्पीड' लिहिलंय की 'कंट्रोल' यापेक्षा हे बघा.

वजनाचाही हिशेब आहे. घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढतं. १२०-१३० ग्रॅमचा माऊस आणि ७० ग्रॅमचा माऊस एकाच पॅडवर सरकवून बघा. काही वजनदार माऊसच्या पोटात काढता येणारी वजनं असतात, तुमच्यात आहेत का बघा.

---

सुरंगी

मी म्हापशात असते, पुस्तकांची मांडणी आणि मुखपृष्ठं करते. हवा तुमच्यासारखीच, त्यामुळे पॅडबद्दल मी बोलते.

रेक्झिनसारखा मॅट आपल्या किनाऱ्यावर घेऊच नये. वरचा थर पॉलीयुरेथेनचा असतो, आणि दमट हवेत तो वापरा न वापरा, आतून तुटत जातो. बंद कपाटात ठेवलेल्या बुटांचे तळवे भुगा होतात, ती हीच भानगड. तुमचा मॅट वाईट निघाला असं नाही, तो तसाच जाणार होता.

कापडी पॅडचं कापड बहुतेक पॉलिएस्टर असतं. पॉलिएस्टर स्वतः पाणी जवळजवळ पीत नाही. मग पावसाळ्यात पॅड चिकट का होतो? त्याच्या विणीत आपल्या घामातलं मीठ आणि त्वचेचं तेल बसलेलं असतं. मीठ हवेतला ओलावा ओढतं, म्हणून मनगटाखालचा आणि माऊसखालचा तेवढाच भाग जड होतो. हा भाग धुऊन जातो. मी तरी पॅड टाकून देण्याआधी धुऊन बघते.

कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, मऊ ब्रश, विणीच्या दिशेने. मग भरपूर साधं पाणी, कारण साबण राहिला तर तोच चिकटतो. पिळायचा नाही, कापड रबरापासून सुटतं. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचा आणि पंख्याखाली जाळीवर आडवा ठेवायचा. दोरीवर टाकला तर मध्ये घडी पडते ती जात नाही. उन्हातही नको, रबर कडक होतं. आणि आत फोम असेल तर वरून कोरडा वाटला तरी आत ओल असते. टिश्यूपेपर ठेवून दाबून बघा. ओला असताना टेबलावर पसरलात तर खाली बुरशी आलीच. आषाढ-श्रावणात सुकायला दोन दिवस धरा, म्हणून दुसरा एखादा साधा पॅड हाताशी असू द्या.

नवा घेताना मी तीन गोष्टी बोटांनी बघते. एक, कडेची शिलाई. शिवलेली कड हवीच, पण ती पॅडच्या पृष्ठभागापेक्षा उंच नको, नाहीतर मनगटाला दिवसभर खुपते. दोन, वीण. नखाने हलकं ओढलं तर धागा वर येता कामा नये. बारीक, घट्ट वीण जास्त टिकते. मखमलीसारखी मऊ लागते ती आधी चकाकते आणि मग सुस्त होते. तीन, दाबून बघा. जाड आणि लुसलुशीत पॅड हाताला बरा वाटतो, पण माऊसचे पाय त्यात रुततात. तुमच्यासारख्या बारीक कामाला तीन-चार मिलिमीटरचा, घट्ट रबराचा घ्या. आणि मोठा घ्या. साधारण ४५ सेंटिमीटर रुंद असला की हात कोपरातून फिरतो, झीज एकाच ठिकाणी होत नाही.

छपाई रंग मुरवून केलेली हवी, वर थर चढवलेली नको. चित्राची कड बोटाला लागली तर तो पॅड परत ठेवा.

---

खारा_वारा

मी काचेचा वापरतो, म्हणून त्याचं सांगतो. टेम्पर्ड काच, वर बारीक खरखरीत केलेली. दमटपणाचा त्याला काही फरक पडत नाही, ओल्या फडक्याने पुसला की झालं, आणि पॅड म्हणून तो झिजत नाही. पण झीज जाते कुठे, तर माऊसच्या पायांत. एक वाळूचा कण आला की पायावर चरा. आमच्याकडे खिडकी उघडी असते, त्यामुळे पुसणं हा नित्यकर्मातला भाग झालाय. शिवाय घामेजलेला हात काचेला चिकटतो, मी बाहीचा शर्ट घालतो किंवा हातमोज्याचा मनगटापुरता तुकडा. आवाजही होतो. आणि जुन्या ऑप्टिकल माऊसला काच वाचता येईलच असं नाही, आधी कुणाकडे तरी लावून बघा.

हजारात चांगला काचेचा मिळणार नाही. प्लास्टिकचा कडक पॅड मिळेल, पण त्याचा मधला भाग घासून गुळगुळीत होतो आणि मग मध्ये एक वागणूक, कडेला दुसरी.

---

भिंगरी

वायरकडे कुणी बघितलंच नाही. विणीचं आवरण असलेली कडक वायर टेबलाच्या कडेवर घासते आणि माऊसला मागे ओढते. आपल्याला वाटतं पॅड रुततोय. वायरचा थोडा भाग मॉनिटरच्या स्टँडला चिमट्याने अडकवा, माऊसपर्यंत सैल कमान राहू द्या. फुकटचा उपाय.

आणि विंडोजच्या माऊस सेटिंगमध्ये 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' ही खूण काढून टाका. ती असली की हाताच्या वेगाप्रमाणे बाण कमीजास्त अंतर कापतो. रुतून सुटलेल्या माऊसला ती उडी अजून मोठी करून दाखवते. काढल्यावर एक-दोन दिवस परकं वाटेल.

---

नकाशेवाला

सगळ्यांचे आभार. वायर चिमट्याने लावली, खूण काढली. फरक लगेच कळला, खोटं नाही सांगत. पायांभोवतीचा मळ टूथपिकने काढला. स्केट मॉडेलचे मिळाले नाहीत, गोल ठिपके मागवलेत.

पॅडचं सुरंगीताई म्हणतात तसं: शिवलेल्या कडेचा, घट्ट विणीचा कापडी, ४५ बाय ४०. काचेचा विचार सोडला, आमच्याकडे खिडकीतून वाळू नाही पण चिऱ्याची लाल धूळ भरपूर. एकच शंका: सनमायकावर जुन्या पॅडच्या रबराचा चिकट डाग राहिलाय, पुसून जात नाही. नवा पॅड त्यावरच टाकू का?

---

मोडकंतोडकं

नको. आधी डागावर थोडं खोबरेल चोळून पंधरा मिनिटं ठेवा, मग भांड्यांच्या लिक्विडने धुऊन कोरडं करा. राहिलंच तर आयपीए, आधी कोपऱ्यात लावून बघून. नव्या पॅडचं रबरही उन्हाळ्यात सनमायकाला धरतंच, म्हणून महिन्यातून एकदा उचलून खालची बाजू पुसत जा.

आणि गोल ठिपके लावताना स्क्रूच्या भोकावर लावू नका, मध्ये खड्डा पडतो.