देशी, स्वदेशी की गावरान? बेदाण्याच्या पाकिटावर काय लिहावं?

शब्दसई
तासगावकडच्या एका छोट्या बेदाणा उत्पादक गटाच्या पाकिटासाठी मराठी मजकूर लिहितेय. त्यांना एवढंच सांगायचंय की माल इथल्या बागेतला आहे, इथल्याच शेडवर सुकवलाय, बाहेरून आणून नुसता पाकिटात भरलेला नाही. मी 'देशी बेदाणा' लिहिलं, तर गटातल्या दोघांनी हरकत घेतली. एकांच्या मते देशी म्हटलं की बारीक, बियांचा, जुन्या जातीचा माल डोळ्यापुढे येतो. दुसऱ्यांना दारूच्या दुकानाची पाटी आठवली. 'स्वदेशी' त्यांना प्रचारकी वाटतं, आणि 'गावरान' मला पटत नाही. तुम्ही काय लिहाल?

माणदेशी
गावरान नकोच. तो शब्द वाणासाठी आहे. गावरान कोंबडी, गावरान लसूण, गावरान बोरं. बेदाण्याचा माल थॉम्पसन सीडलेस नाहीतर तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन यांपैकी कुठला तरी असणार. त्याला गावरान म्हणणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक झाली.

खाडीपलीकडचा
आमच्या कोकणात गावरान हा शब्दच नव्हता, तो घाटावरून आला. आम्ही गावठी म्हणतो. गावठी अंडी, गावठी कोंबडी. तोच शब्द माणसाला लावला की अपमान होतो आणि अंड्याला लावला की भाव वाढतो. याचं कारण कुणी सांगेल का?

वऱ्हाडी पाटी
आमच्याकडे गावरानी. ईकारान्त.

जुना पोथीवाला
'देशी'ला हलकं समजणं मला मान्य नाही. शाळेत तत्सम, तद्भव, देशी असे शब्दांचे गट शिकलो, त्यात देशी म्हणजे याच मातीतले. हेमचंद्राने बाराव्या शतकात देशी शब्दांचा कोश केला. ज्ञानदेवांनी गीतेला 'देशीकार लेणे' चढवलं. सरकारमान्य दुकानाच्या पाटीने एवढा जुना शब्द नासवला म्हणून तो आपणही टाकून द्यायचा? उलट सई ताईंनी तो ठसठशीत अक्षरात छापावा.

फरसाणवाला
पोथीवाले काका, तुमचा मान राखून सांगतो, तो अर्थ घेऊन गिऱ्हाईक दुकानात येत नाही. माझं इचलकरंजीत फरसाण-मिठाईचं दुकान आहे. गिऱ्हाईक विचारतं, "इंडियन आहे का अफगाणी?" देशी का, असं आजवर कुणी विचारलेलं नाही. आणि स्पष्टच सांगतो, दिवाळीत चिवड्याला जो स्वस्त पडेल तो बेदाणा मी घेतो. तेल महाग, पोहे महाग, कामगारांची मजुरी वेगळी. स्वदेशीपायी किलोमागचा जादा भाव मी गिऱ्हाइकाकडून वसूल करू शकत नाही, ते सरळ पलीकडच्या दुकानात जातं.

द्राक्षबाग
फरसाणवाले दादा, तुम्ही 'अफगाणी' म्हणून जो घेता तो अफगाणीच असतो हे कशावरून? सार्क देशांच्या व्यापार करारामुळे अफगाण मालाला आयात शुल्कात सवलत मिळते. चीनचा बेदाणा त्याच नावाखाली आत येतोय ही आम्हा बागायतदारांची तक्रार आहे आणि २०२५ मध्ये ती सरकारदरबारी गेली. तेव्हा शब्दाचा घोळ 'देशी'पेक्षा 'अफगाणी'त जास्त आहे.

भावाचंही बोलतो. साधारण चार किलो द्राक्षं सुकवली की एक किलो बेदाणा हाती येतो. घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवायचे, रॅकवर जाळीला पसरायचे आणि दोनेक आठवडे आभाळाकडे बघत बसायचं. त्यात अवकाळी आला, हवेत दमटपणा वाढला, की माल काळा पडतो आणि हिरव्याचा भाव गेला. तिथून सौद्यात, म्हणजे लिलावात, गेलं की बॉक्स फोडून माल टेबलावर ओततात. हाताळताना बराच खाली सांडतो, तुडवला जातो. याला आमच्याकडे 'उधळण' म्हणतात. लग्नात फुलांची उधळण होते, इथे आमच्या वर्षाच्या कष्टाची. याच शब्दाची चर्चा आधी व्हायला हवी.

फरसाणवाला
तुमचं दुखणं खरं आहे, मी नाकारत नाही. पण पोत्यावर देश लिहिलेला नसतो आणि मला घाऊक व्यापारी सांगतो तेच मी पुढे सांगतो.

मुद्रितशोधक
आयात मालाच्या पाकिटावर मूळ देश छापणं बंधनकारक आहे. सई ताईंनी 'मूळ देश : भारत' अशी ओळ टाकावी, विशेषणाची गरजच उरत नाही.

द्राक्षबाग
पाकिटावर छापाल हो. बेदाणा किती ठिकाणी सुटाच विकला जातो! गाडीवर, आठवडी बाजारात, वाण्याकडे. तिथे तोंडी शब्दच लेबल असतं. म्हणून तो शब्द नेमका हवा.

टिळक रोड
शब्द तयार आहे, स्वदेशी. प्रचारकी वाटतो म्हणून सोडून द्यायचा हे मला फार खटकलं. १८७७च्या दिल्ली दरबारात सार्वजनिक काका जाडीभरडी खादी नेसून गेले. तेव्हा मँचेस्टरचं कापड स्वस्तही होतं आणि तलमही. १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली तीही चांगल्या कपड्यांची. तेव्हा स्वदेशी या शब्दात पदराला खार लावून घेणं आलंच. 'देशी'त ते नाही. देशी हा मालाचा गुण सांगतो, स्वदेशी घेणाऱ्याचा निश्चय सांगतो. आणि 'इंडियन', 'इंपोर्टेड' हे मराठी पाकिटावर तरी नकोत.

माणदेशी
निश्चय घेणाऱ्याचा असेल तर विकणाऱ्याने तो पाकिटावर कसा छापायचा? मी काय घ्यावं हे मी ठरवेन. तुम्ही माल कुठला ते सांगा.

टिळक रोड
तळेगावच्या पैसा फंड कारखान्याची काच काय, ओगलेवाडीचे कंदील काय, स्वदेशी म्हणूनच घरोघर गेले. विकणाऱ्यांनीही हा शब्द अभिमानाने वापरलाय.

फारसीप्रेमी
शुद्धतेचा आग्रह असेल तर आधी 'बेदाणा'च तपासा. बे म्हणजे विना, दाणा म्हणजे बी. फारसी शब्द आहे. मनुकाही बाहेरचाच, अरबी 'मुनक्का'वरून आलेला.

जुना पोथीवाला
मनुका 'मृद्वीका'वरून आला असं मी मानतो. आयुर्वेदात द्राक्षाला मृद्वीका म्हणतात.

फारसीप्रेमी
मृद्वीकाचा मनुका कुठल्या नियमाने होतो ते दाखवा. 'मुनक्का' सरळ समोर उभा आहे.

खाडीपलीकडचा
बाहेरचं नाव चिकटलं म्हणून वस्तू बाहेरची राहत नाही. विलायती चिंच मेक्सिकोकडून आली, आज आमच्या शाळेच्या कुंपणाला लगडलेली असते. काबुली चणा आता आपल्याच शेतात पिकतो. मग ते देशी का परदेशी?

माणदेशी
याच्या उलट मांजरपाट घ्या. आमचे आजोबा त्याला मादरपाट म्हणायचे. मला वाटतं हे आंध्रातल्या मादापोल्लम या गावाचं नाव. ते कापड मूळ तिथलं, इंग्रजांनी आपल्या गिरण्यांत त्याची नक्कल केली आणि आपल्यालाच विकली. नाव इथलं, माल तिकडचा.

टिळक रोड
आमच्याकडे मांजरपाट मँचेस्टरवरूनच सांगतात.

माणदेशी
मँचेस्टरचा 'मांजर' करून पुढे 'पाट' कुठून आणलात? जुन्या मराठी कोशात मादरपाट बघा.

शब्दसई
मांजरपाटासाठी वेगळा धागा काढाल का? गटाला मजकूर द्यायचा आहे. सध्या माझ्यापुढे 'सांगलीचा बेदाणा' आणि 'इथल्या बागेतला बेदाणा' असे दोन पर्याय आहेत.

द्राक्षबाग
'सांगली बेदाणा' या नावाला भौगोलिक मानांकन आहे, ताई. ते नाव वापरायला गटाची नोंदणी लागेल, आधी विचारून घ्या. दुसरा पर्याय मला आवडला. पण 'इथल्या' म्हणजे कुठल्या, हे पुण्यातल्या गिऱ्हाइकाला कसं कळणार?

वऱ्हाडी पाटी
गावाचं नावच टाका ना.

फरसाणवाला
गटातले शेतकरी तीन-चार गावांतले असतील तर कुठल्या गावाचं टाकणार? त्यावरून गटातच भांडण लागेल.

जुना पोथीवाला
मृद्वीकाबद्दल सांगतो. प्राकृतात 'मुद्दिआ' असं रूप आहे, तिथून पुढे जाता येतं.

फारसीप्रेमी
'मुद्दिआ'तून 'मुद्दी' निघेल. त्यातला द जाऊन न कुठून आला?