मदत हवी आहे: सिंगापूरमधली काळपट मैना नेमकी कोणती?

सिंगापूर बोटॅनिक गार्डन्समध्ये आपली नेहमीची साळुंकी दिसली. डोळ्यामागचा पिवळा कातडीचा पट्टा, तपकिरी अंग, ओळखायला क्षणही लागला नाही. तिच्याच शेजारी गवतात मात्र एक वेगळी मैना किडे टिपत होती. अंग काळपट राखाडी, चोचीच्या बुडाशी उभा तुरा, डोळ्याभोवती पिवळी कातडी अजिबात नाही, उडताना पंखात पांढरा ठिपका. पहिल्यांदा वाटलं, आपल्याकडची जंगली मैनाच! पण तिथे जावन मैना सर्रास दिसते, त्यामुळे घोळ झालाय.

मर्लिन आणि आयनॅचरलिस्ट या फोटोवरून पक्षी ओळखणाऱ्या अॅप्सवर फोटो टाकून पाहिले, दोन्हीकडे उत्तर वेगळं. फोटो सावलीतले आहेत, चोच पिवळी की नारिंगी हे खात्रीने सांगता येत नाही. आवाज रेकॉर्ड केलेला नाही. डोळा फिकट पिवळा आणि शेपटीखालचा भाग पांढराशुभ्र मात्र स्पष्ट दिसतोय. महाराष्ट्रातल्या जंगली मैनेचा डोळा निळसर-करडा असतो, पण तिच्या उत्तरेकडच्या उपजातीत तो पिवळाही असतो, म्हणून एकट्या डोळ्यावर विसंबावंसं वाटत नाही.

पक्षी पूर्ण वाढलेला वाटतो. चोचीचा रंग बाजूला ठेवून, शेपटीखालच्या पांढऱ्या रंगावरून जावन मैना म्हणून नोंद करता येईल का, की आणखी एखादी खूण फोटोत शोधायला हवी?