तीन फ्लॅट, बारा माणसं आणि माझा टिकांचा फॉर्म : देखरेख नक्की कशाची करायची?

विजापूर_रोडकर :

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी सोलापूरचाच. बौद्धिक दिव्यांगांच्या एका कार्यशाळेत बरीच वर्षं होतो. कागदी पिशव्या, फायली, दिवाळीला पणत्या रंगवणं वगैरे. आता आमच्या संस्थेनं जुळे सोलापुरात तीन फ्लॅट भाड्यानं घेतलेत. प्रत्येकात चार जण, सगळे मोठे, तिशी ते साठी. दोन फ्लॅट पुरुषांचे, एक बायकांचा. कुणाचे आईवडील थकलेत, कुणाचे गेलेत. दिवसा स्वयंपाकाला आणि मदतीला मावशी, रात्री एक केअरटेकर. या तिन्ही घरांवर 'लक्ष ठेवायचं' काम माझ्या गळ्यात पडलंय.

विश्वस्तांनी छापील फॉर्म दिलाय. फरशी स्वच्छ आहे का, फ्रीज स्वच्छ आहे का, रजिस्टरवर सह्या आहेत का. सगळीकडे टिका, म्हणजे बरोबरच्या खुणा, पडतात आणि तरी मला काही बरं वाटत नाही. टीव्हीचा रिमोट केअरटेकरच्या खिशात असतो. सगळे साडेआठला झोपतात, कारण त्याला झोपायचं असतं. एका घरात पूर्व भागातले एक तेलुगू काका आहेत, आई विड्या वळायची, वडील मागावर. त्यांच्या नावापुढे रजिस्टरला रोज लिहिलेलं, 'रात्री बडबड करतो'. खालच्या मजल्यावरच्या तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली आजींना एकदा वर बोलावलं तर त्या म्हणाल्या, अरे तो पाणी मागतोय!

आता तीन प्रश्न डोक्यावर आहेत. विश्वस्तांना बेडरूममध्येसुद्धा कॅमेरे बसवायचेत. रहिवाशांचे पैसे, म्हणजे निराधारचा पगार (संजय गांधी निराधार योजनेचं महिन्याचं अनुदान) आणि घरून येणारे, केअरटेकरच सांभाळतो, ते मला खटकतंय. आणि गड्डा, म्हणजे आपली सिद्धेश्वराची यात्रा, तोंडावर आलाय. आमचे आप्पा (वय पंचेचाळीसच्या आसपास) म्हणतात, मला यंदा एकट्याला जायचंय. पुण्याची बहीण म्हणते, अजिबात सोडायचं नाही, काही झालं तर संस्था जबाबदार.

ज्यांनी हे काम केलंय त्यांनी बोला. पुस्तकी नको.

---

बाळीवेसची_आई :

दादा, मी आई म्हणून बोलते. माझा मुलगा अशाच एका घरात आहे, सोलापुरात नाही, दुसऱ्या गावी. मला विचाराल तर कॅमेरे बसवा. त्याला बोलता येत नाही. दंडावर वळ दिसला की मी कुणाला विचारायचं? सगळे म्हणतात, पडला असेल. तुम्ही मोठ्या मनाचे असाल, पण रात्रीचा माणूस कोण आहे, कसा आहे, हे आम्हाला इथं बसून कसं कळणार?

गड्ड्याचं माझं मत बहिणीच्या बाजूनं. रागवू नका.

---

निवृत्त_ताई :

विजापूर रोडकर, तुमच्यासारखंच काम मी निवृत्त होईपर्यंत केलं. सोलापुरात आणि आधी दुसरीकडे. त्यामुळे थोडं पसरट होईल.

फॉर्म फेकू नका, विश्वस्तांना फाईलला लागतो. पण फॉर्म घेऊन गेलात की घर तुमच्यासाठी सजतं. म्हणून कधीतरी हात हलवत जा आणि अवेळी जा. रात्री साडेनऊला. रविवारी सकाळी. आणि नळाला पाणी येतं त्या दिवशी तर हमखास. आपल्याकडे पाणी काही रोज येत नाही, हे काय सांगायचं! त्या दिवशी घरातले सगळे हंडे-पिंपं भरण्यात गुंतलेले असतात, कुणाला वेळच्या वेळी आंघोळ मिळाली आणि कोण ओल्या कपड्यानं कोपऱ्यात बसून राहिलं, ते तेव्हा दिसतं. आधी सांगून ठरवलेल्या भेटीत कधीच दिसत नाही.

बेल वाजवा आणि थांबा. दार रहिवाशाने उघडलं तर उत्तम. मावशीने उघडलं तरी 'येऊ का?' हे आत बसलेल्यांना विचारा. आणि किल्ली कुणाकडे आहे ते बघा. चारांपैकी एकाकडेही घराची किल्ली नसेल तर ते त्यांचं घर नाही, तुमच्या टिका काहीही म्हणोत.

गोळ्या. फिट्सच्या गोळ्या घेणारे तुमच्याकडे नक्की असतील. तक्त्यावरच्या सह्या वाचू नका, पट्ट्या मोजा. सिव्हिलमधून कोणत्या तारखेला किती आणल्या, आजपर्यंत किती जायला हव्या होत्या, डब्यात किती उरल्या. एका घरात तक्ता अगदी सुंदर होता, एकही रकाना रिकामा नाही, आणि डब्यात अकरा गोळ्या जास्त निघाल्या. रात्रीचा पोरगा महिन्याच्या सगळ्या सह्या एकदम करून ठेवायचा. फिट्सच्या गोळ्या मध्येच चुकल्या की झटका येऊ शकतो, हे त्याला कुणी समजावलंच नव्हतं. त्याला काढलं नाही. शिकवलं, आणि मोजणी दर आठवड्याला रहिवाशांसमोरच करायला लागलो. त्यातल्या एका ताईंना आकडे येत होते, त्या आमच्याहून कडक निघाल्या.

आता पैसे. इथं तुम्ही बरोबर नाक खुपसलंय.

मी एकदा चार जणांच्या खर्चाच्या वह्या शेजारी-शेजारी ठेवून वाचल्या. चौघांचाही महिन्याचा 'तेल, साबण, पावडर' खर्च रुपयापर्यंत सारखा! त्यातल्या एका काकांच्या डोक्यावर केस म्हणून नव्हता, आणि त्यांच्या नावावर दरमहा खोबरेल तेलाची मोठी बाटली. बाटल्या केअरटेकरच्या घरी जात होत्या. रक्कम फार नव्हती, पण निराधारच्या पगारातून जात होती. आणि काकांना विचाराल तर त्यांना एवढंच हवं होतं की शनिवारी कुणीतरी पार्क चौकात भेळ खायला न्यावं. त्यासाठी 'पैसे उरत नाहीत' असं उत्तर मिळायचं.

म्हणून : खातं ज्याचं त्याच्या नावावर. एटीएम कार्ड केअरटेकरच्या खिशात नाही. पैसे काढणारा एक, वही लिहिणारा दुसरा. आणि महिन्याच्या शेवटी ज्याचे पैसे त्याच्यासमोर वही वाचून दाखवायची, त्याला आकडे कळत नसले तरी. आपण काय घेतलं होतं हे त्याला आठवतं. 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमात कलम 13 आहे. आपले आर्थिक व्यवहार आपल्या ताब्यात ठेवण्याचा हक्क त्यात दिलाय आणि पुढे असंही आहे की आधार देणाऱ्याचं हित एखाद्या व्यवहारात रहिवाशाच्या हिताशी आडवं येत असेल, तर त्याने त्या व्यवहारातून बाजूला व्हायचं. केअरटेकरच्या मेव्हण्याचं किराणा दुकान असेल तर लगेच लागू होतं, हसू नका, असतं.

ज्यांना कायदेशीर पालक नेमलेत त्यांचं वेगळं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व, बहुविकलांगता यासाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. पालक नेमते ती जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती, कलेक्टर तिचे अध्यक्ष. पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची असते आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब. तुमच्या बारा जणांपैकी किती जणांचे पालक हा हिशोब देतात ते विचारून बघा. बहुतेक घरी 'असं असतं होय?' हेच ऐकू येतं. मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हेही पुष्कळांना माहीत नसतं. जाता जाता याच न्यासाचा निरामय आरोग्य विमा बघा, 1 लाखापर्यंतचा आहे आणि दरवर्षी नूतनीकरण लागतं. ते हमखास राहून जातं.

कॅमेरा. बाळीवेसच्या आई, तुमची भीती खोटी नाही, मी ती अनेक घरांत बघितलीय. पण बेडरूममधला कॅमेरा वळ उठल्यावर दाखवतो, तोही कुणी चित्रण बघत बसलं तर. आणि बायकांच्या फ्लॅटमधलं ते चित्रण ऑफिसात कोण बसून बघणार, हे विश्वस्तांनी एकदा मोठ्यानं सांगावं. माझा अनुभव असा की मारझोड तिथं होते जिथं बाहेरचं कुणी येत-जात नाही. शेजारच्या आजी, शिंपी, वाण्याचा पोरगा, गणपती मंडळाची पोरं ज्या घरात सहज डोकावतात तिथं हात उगारायची हिंमत होत नाही. ते तेलुगू काका पाणी मागतायत हे तुम्हाला आजींनी सांगितलं, कॅमेऱ्यानं सांगितलं असतं? त्या आजींना चहाला बोलवत जा. आणि वळ दिसलाच तर 'पडला असेल' ऐकून घ्यायचं नाही. त्याच 2016 च्या कायद्याच्या कलम 7 खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, आणि ती कुणीही करू शकतं, आईसुद्धा. बाहेरच्या दारावर, जिन्यात कॅमेरा हवा असेल तर रहिवाशांना विचारून लावा.

गड्ड्याचं मी शेवटी ठेवलंय, कारण त्यात मी तुम्हाला काही सांगणं बरोबर नाही. आप्पांना विचारा. 'एकट्याला' म्हणजे त्यांच्या मनात काय आहे?

---

कन्ना_चौक_तीनचाकी :

ताईंनी बरंच लिहिलंय, मी थोडक्यात. मला सेरेब्रल पाल्सी आहे, व्हीलचेअर वापरतो, टॉवेलच्या एका कारखान्यात बिलं करतो. आधी संस्थेच्या घरात होतो, आता एका मित्राबरोबर खोली घेऊन राहतो.

आमच्याकडं देखरेखीला एक साहेब यायचे. चांगला माणूस होता, खोटं कशाला बोलू. पण आल्या आल्या कपाट उघडायचे. साहेब कपाट उघडूलाले आणि मी बघूलालो! माझी चड्डी-बनियन घडी करून ठेवली का नाही, ते बघायला सोलापूरभर फिरून येतोय हा माणूस. कपाटात हात घालायच्या आधी मला विचार की बे.

त्या 2016 च्या कायद्यात कलम 5 आहे, वाचा. दिव्यांग माणसाला समाजात राहायचा हक्क आहे आणि अमुकच ठिकाणी राहायची सक्ती करता येत नाही. विश्वस्तांच्या मीटिंगमध्ये छापून वाटा.

आणि गड्डा. गड्ड्यात धडधाकट माणसंबी हरवतात, भोंग्यावर नावं पुकारतात, आणि सापडतातबी. आप्पांच्या खिशात फोन नंबरचं कार्ड टाका, दोनदा दिवसा यात्रेच्या होम मैदानापर्यंत जाऊन येऊ द्या, मग जाऊ द्या की.

---

रात्रपाळी :

मी केअरटेकर आहे. गाव मोहोळकडं. सगळे आमच्यावरच बोललेत म्हणून लिहितोय.

चार माणसं, त्यातल्या एकाला फिट्स, एक रात्री तीनदा उठतो. मी एकटा. आठवड्याची सुट्टी कागदावर आहे, बदली माणूस मिळत नाही म्हणून ती मिळत नाही. सकाळी सातला सुटून मी दुसरीकडं कामाला जातो, कारण या पगारात भागत नाही. मग साडेआठला सगळ्यांना झोपवलं तर का झोपवलं, ते कळायला फार डोकं लागत नाही. रिमोट खिशात ठेवणं बरोबर नाही, मान्य. पण भेटीला येणाऱ्यानं मला आजपर्यंत 'तू कधी झोपला होतास?' असं विचारलेलं नाही. फॉर्ममध्ये फ्रीजला रकाना आहे, मला नाही.

तेल मी नेत नाही. 🙏

---

विजापूर_रोडकर :

सगळ्यांचे आभार. रात्रपाळी भाऊ, तुमचं वाचून आधी आमच्या तिघा केअरटेकरना बोलावलं. दोघांना गेल्या दिवाळीनंतर एकही रात्र सुट्टी मिळालेली नाही. विश्वस्तांपुढे कॅमेऱ्याचा खर्च आणि एका बदली माणसाचा वर्षाचा पगार असे दोन आकडे शेजारी ठेवलेत. खजिनदारांनी तोंड वाकडं केलंय, पण बेडरूमचे कॅमेरे तूर्त रद्द. जिन्याचं रहिवाशांना विचारतोय. बायकांच्या फ्लॅटमधून 'नको' असं उत्तर आलं, बाकीच्यांना काही फरक पडत नाही.

वह्या शेजारी ठेवून वाचल्या. तेल नाही, पण मोबाईल रिचार्ज निघालं. मोबाईल नसलेल्या माणसाच्या नावावर.

आप्पांना विचारलं. नंदीध्वजाच्या मिरवणुकीची गर्दी त्यांनाही नकोय, भोंगे सहन होत नाहीत. त्यांना पाळण्यात बसायचंय आणि पैसे स्वतःच्या हातानं द्यायचेत, मागे कुणी उभं न राहता. बहिणीशी फोनवर ते स्वतःच बोलले. ती अजून हो म्हणालेली नाही. यात्रेचे मुख्य दिवस सरल्यावरही पाळणे असतात, तेव्हा एखाद्या दुपारी जायचं असं आप्पांनीच सुचवलंय.

ताई, एकच अडलंय. बँकेतले साहेब म्हणतात, सही येत नाही तर पालकाचं पत्र आणा, त्याशिवाय पैसे देणार नाही. आप्पांना कायदेशीर पालक नेमलेला नाही आणि त्यांना तो नकोय.

---

निवृत्त_ताई :

अंगठा चालतो. ओळख पटवायला आधार आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) दोन्ही न्या, आप्पांना स्वतःला पुढे बसवा आणि तुम्ही मागे राहा. तरी नाही म्हणाले तर 'लेखी द्या, कारणासकट' एवढंच म्हणा, आवाज न चढवता. लेखी आलं तर ते आणि तुमचा अर्ज घेऊन आधी त्यांच्या वरच्या ऑफिसला, मग दिव्यांग आयुक्तांकडे. लेखी द्यायची वेळ आली की बहुतेक जण अंगठ्याचं पॅड शोधायला लागतात.

सोमवारी जाऊ नका, गर्दी असते.