थायलंडमध्ये घर : जमीन नाही, काँडो (इमारतीतला फ्लॅट)
कोणीतरी लिहिलंय की रिटायर झाल्यावर राहायला चियांग माईला बंगला घ्या, एजंट ३०+३०+३० वर्षांचं लीज (भाडेपट्टा) करून देतो म्हणजे ९० वर्षं निवांत. अहो तसं नसतं ते. थाई कायद्यात राहत्या घराचं लीज एका वेळी जास्तीत जास्त ३० वर्षांचंच रजिस्टर होतं, पुढच्या नूतनीकरणाचं नुसतं आश्वासन असतं, आणि तोवर मूळ मालक गेला किंवा त्याने जमीन विकली की मग बसा कोर्टात. परदेशी माणसाच्या नावावर जमीन जवळपास होतच नाही, आणि थाई लोकांना कागदोपत्री भागीदार दाखवून कंपनी काढायची हा जो सल्ला मिळतो ना तो सरळसरळ बेकायदा आहे, म्हातारपणी ही डोकेदुखी कशाला!

काँडो मात्र स्वतःच्या नावावर होतो. फक्त इमारतीतल्या फ्लॅट्सच्या एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते, त्यामुळे टोकन द्यायच्या आधी कोटा शिल्लक आहे का ते विचारा. पैसे बाहेरून परकीय चलनात आले याचा बँकेचा कागद जपून ठेवा, तो नसेल तर लँड ऑफिसात नोंदणी अडते.

आणि घर घेतलं म्हणून रिटायरमेंट व्हिसा मिळतो असं नाही हं. त्याला वय ५० पूर्ण आणि थाई बँकेत ८ लाख बाथ वगैरे अटी वेगळ्याच. भारतातून एलआरएसमध्ये (रिझर्व्ह बँकेची परदेशी पैसे पाठवायची योजना) माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, नवरा-बायको मिळून बऱ्यापैकी होतात, पण १० लाख रुपयांच्या वर २० टक्के टीसीएस म्हणजे आगाऊ कर कापतात (इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये वळता होतो, तरी तोवर पैसे अडकतातच). मी तर म्हणेन आधी वर्षभर भाड्याने राहा.