आजीची निळी-पांढरी चिनी बरणी खरंच जुनी आहे का? कोणाला दाखवू?

सायली_डों:
नमस्कार मंडळी. आजी मार्चमध्ये गेली आणि तिच्या कपाटातली बरणी आईने मला दिली. आजोबा फोर्टात पारशी शेठजींच्या पेढीवर कारकून होते, ते रिटायर झाले तेव्हा शेठजींनी दिली असं आजी सांगायची. वीतभर उंच, निळ्यावर पांढरी फुलं, झाकण सुताराकडून करून घेतलेलं, आत अजून चिंचेचा डाग आहे. बुडाला दोन निळी वर्तुळं, आत चार चिनी अक्षरं. फोनवर भाषांतर केलं तर 'कांगशी' आलं, म्हणजे १६६२ ते १७२२ वाला बादशहाच ना? एक डीलर घरी येऊन पाच हजार देतो म्हणाला आणि लगेच न्यायची घाई करायला लागला म्हणून शंका आली. विकायची नाहीचे, पण काय आहे ते कळायला हवं.

जुनं_ते_सोनं:
ताई, आधी त्या डीलरला नाही सांगा. आणि बुडाच्या अक्षरांवर जाऊ नका, कांगशीचं नाव पुढे दोनशे वर्षं लोक घालत आले, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तर अशा प्लमच्या फुलांच्या, आलं ठेवायच्या बरण्या चार अक्षरी शिक्का मारून ढिगाने परदेशी गेल्या. उलट १६७७ मध्ये जिंगदेझनच्या (चीनमधलं चिनी मातीच्या भांड्यांचं मुख्य गाव) अधिकाऱ्याने भांड्यांवर बादशहाचं नाव लिहायला बंदी केली होती, त्यामुळे तेव्हाच्या अस्सल भांड्यांवर नुसती दोन कोरी वर्तुळंही दिसतात.
बरणी जाड टॉवेलवर आडवी करा. बुडाच्या कडेला ग्लेझ (वरचा काचेसारखा चकचकीत थर) नसतं तिथे बोट फिरवा, वर्षानुवर्षं ठेवून-उचलून झालेली झीज कुठे कमी कुठे जास्त असते, सगळीकडे एकसारखी घासलेली वाटली तर सावध. मग भिंगातून निळा रंग बघा: बारीक एकसारखे ठिपके म्हणजे छापील, ब्रशचे फराटे दिसले तर हाताने रंगवलेली. इंग्रजीत 'चायना' असेल तर बहुधा १८९१ नंतरची, अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे ते लिहायला लागले. आणि प्लीज घासू नका, ब्लीच तर अजिबात नको!

कोकणकन्या७:
मुंबईतच असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा, टाटा बंधूंच्या संग्रहातली चिनी भांडी आहेत तिथे, खरी भांडी समोर बघितल्याशिवाय डोळा तयार होत नाही. नंतर बुडाचे, कडेचे, आतले फोटो दिवसाच्या उजेडात काढून मोठ्या ऑक्शन हाउसच्या चिनी सिरॅमिक्सवाल्यांना मेल करा. लॅबची टेस्ट नको, त्यात भांड्याला ड्रिल करून नमुना काढतात. आणि शंभर वर्षांहून जुनी निघाली तर १९७२ च्या कायद्याने ती देशाबाहेर नेता येत नाही, परदेशातल्या भावाला-बिवाला द्यायचा विचार असेल तर आधी हे बघा.

सायली_डों:
दोघांचे खूप आभार! आत्ताच भिंग घेऊन बसले होते. फुलांच्या भोवती निळ्याचे फराटे स्पष्ट दिसतायत, कुठे गडद कुठे अगदी फिका, आणि फुलांमागे तडकलेल्या बर्फासारख्या रेघा आहेत त्या आजवर कधी लक्षातच आल्या नव्हत्या. बुडाची कड एका बाजूला गुळगुळीत, दुसरीकडे खरखरीत. इंग्रजी काही नाही. म्हणजे कांगशीची नसली तरी हाताने रंगवलेली नक्की, हो ना? रविवारी म्युझियमला जाते, आईलाही नेते.