आजची स्ट्रादिव्हारी मूळची किती?

इटलीतील क्रेमोना शहरातला जुना वाद्यकार स्ट्रादिव्हारी याच्या व्हायोलिनांच्या नादाचे सारे रहस्य व्हार्निशमध्ये आहे, असे एक मत आहे; त्याला एक पुरवणी जोडावीशी वाटते. क्रेमोनात घडलेली बहुतेक जुनी व्हायोलिने आज मूळ रूपात उरलेलीच नाहीत. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून, मोठ्या सभागृहात पोचेल असा आवाज हवा म्हणून, त्यांच्या माना काढून अधिक लांब आणि मागे कललेल्या बसवण्यात आल्या, तर पोटातली, खर्जाच्या बाजूची आधारपट्टीही बदलून भक्कम केली गेली. चेलोंवर (व्हायोलिनच्याच कुळातली, पण मोठी आणि खर्जातली वाद्ये) तर करवतच चालली. फ्रान्सचा राजा नववा शार्ल याच्याशी निगडित असलेला क्रेमोनाचाच वाद्यकार आंद्रेआ आमाती याचा ‘किंग’ चेलो पुढे कापून लहान करण्यात आला, आणि त्यात पाठीवर रंगवलेल्या राजचिन्हांचाही काही भाग गेला (हा मला निव्वळ अत्याचार वाटतो). स्ट्रादिव्हारीने स्वतः १७०७च्या सुमारास चेलोसाठी आटोपशीर साचा स्वीकारला. चेलोवादक यो-यो मा वाजवतात तो १७१२चा ‘दाव्हिदोव्ह’ त्याच घडणीचा. मूळ मान शाबूत असलेले वाद्य पाहायचे असेल, तर फ्लोरेन्सच्या अकादेमिया संग्रहालयातील १६९०चा मेदिची टेनर व्हायोला आहे.