मदत हवी आहे: आयएमएचए झालेल्या कुत्रीची घरी काळजी

कॉकर स्पॅनिएल, मादी, ५ वर्षं, १२ किलो. आयएमएचए, म्हणजे शरीर स्वतःच्याच लाल पेशी मोडतंय, असं निदान झालंय. स्लाइडवर स्फेरोसाइट्स (गोल झालेल्या लाल पेशी) दिसले, आणि सलाइनचा थेंब घालूनही पेशींचे पुंजके सुटले नाहीत. पीसीव्ही (रक्तातलं लाल पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण) पहिल्या दिवशी १८, आज सहाव्या दिवशी १७. प्लेटलेट्स ९० हजार. चालू औषधं: प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) दिवसाला २५ मिग्रॅ, क्लोपिडोग्रेलच्या (रक्ताची गुठळी रोखणारं औषध) ७५ मिग्रॅच्या गोळीचा पाव तुकडा, डॉक्सिसायक्लिन (अँटिबायोटिक). स्टेरॉइड लागू पडत नाहीये का? रक्त चढवायची वेळ कशी ओळखायची? बीट आणि लोहाचं टॉनिक द्या असं सगळे सांगताहेत, द्यावं का?

रानवारा:
सहा दिवसांत १८ चं १७ म्हणजे घसरण जवळपास थांबली आहे. स्टेरॉइड नव्या पेशी तयार करत नाही, मोडतोड थांबवतं, आणि त्यालाच बहुधा तीन ते सात दिवस लागतात. मज्जेतून कोवळ्या पेशी बाहेर यायलाही तीन ते पाच दिवस जातात. पुढच्या तपासणीत पीसीव्हीबरोबर रेटिक्युलोसाइट काउंट (या कोवळ्या लाल पेशींची मोजणी) मागा. तो वाढत असेल तर थांबायला हरकत नाही. २ मिग्रॅ प्रति किलोने २४ होतात, म्हणजे तुमचा डोस बरोबर आहे.

लोहाचं टॉनिक नको. पेशी मोडल्या तरी त्यांतलं लोह बरंचसं शरीरातच राहतं, कमतरता नसतेच. शिवाय लोह डॉक्सिसायक्लिनला बांधून ठेवतं, आणि शी काळी होते. स्टेरॉइडवर असताना काळी, डांबरासारखी शी ही पोटात रक्तस्राव होत असल्याची खूण. टॉनिक चालू असेल तर ती ओळखणार कशी? बीटने रक्त वाढत नाही, वर लघवी लालसर दिसून उगाच घाबरगुंडी. कांदा-लसणाचा रस्सा मात्र थेंबभरही नको, त्याने लाल पेशी फुटतात.

खरी धास्ती पहिल्या दोन आठवड्यांत गुठळीची. या आजारात ॲनिमियापेक्षा गुठळीनेच जास्त कुत्री दगावतात. म्हणून क्लोपिडोग्रेलचा तो पाव तुकडा चुकवू नका. कडू असतो, चीजमध्ये लपवून द्या. हिरड्यांचा रंग कालच्यासारखाच असताना एकदम धाप लागली, किंवा मागचे पाय अचानक लुळे आणि गार पडले, तर रात्र असली तरी निघा.

ताकभात:
प्लेटलेट्स ९० हजार आहेत म्हणून विचारतो, गोचीड-तापाचा पीसीआर (रक्तात जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी) झालाय का? आपल्याकडे एर्लिकिया आणि बबेसिया गिब्सोनी हे गोचिडीतून येणारे जंतू वगळल्याशिवाय 'शरीरच शत्रू' असं ठरवू नये. स्लाइड निगेटिव्ह आली तरी बबेसिया सुटू शकतो. डॉक्सिसायक्लिन एर्लिकियावर चालतं, गिब्सोनी एकट्या त्याने जात नाही, आणि नुसत्या स्टेरॉइडखाली तो फोफावतो.

रक्ताचा निर्णय एका आकड्यावर नसतो. पीसीव्ही १२ ते १५ च्या खाली, उभं राहताना झोक जाणं, गाढ झोपेतही श्वास मिनिटाला ४० च्या वर: यातलं काहीही दिसलं तर वाट बघू नका. दाता आजच शोधून ठेवा. २५ किलोच्या वरचा, एक ते आठ वर्षांचा, लसीकरण झालेला, स्वतः कधी रक्त न घेतलेला, गोचीड-तापाची तपासणी निगेटिव्ह असलेला. साधारण हिशेब: किलोमागे २ मिली अख्खं रक्त दिलं की पीसीव्ही १ ने वाढतो. १० ने वाढवायचा तर १२ किलोला २४० मिली. क्रॉसमॅच (दात्याचं रक्त जुळतं का याची तपासणी) करायला सांगाच, पण पुंजके होत असल्यामुळे निकाल वाचणं अवघड जाईल, याची कल्पना असू द्या.

प्रश्नकर्ती:
पीसीआर झाला नव्हता, नमुना उद्या देते. रात्री दर दोन तासांनी लघवीला उठते, पाणी कमी ठेवू का? आणि स्टेरॉइड कधी कमी होईल?

रानवारा:
पाणी अजिबात तोडू नका, स्टेरॉइडवर तहान लागणारच. गोळी सकाळी खाण्याबरोबर द्या आणि झोपण्याआधी एकदा बाहेर न्या. लघवी चहासारखी गडद दिसली तर फोटो काढून डॉक्टरांना पाठवा, पेशी पुन्हा फुटत असतील.

कमी करणं सावकाश. पीसीव्ही ३० च्या वर दोन आठवडे टिकला की साधारण पाव हिस्सा: २५ चे २०, मग दर तीन आठवड्यांनी पुढची पायरी, प्रत्येक वेळी आधी पीसीव्ही बघून. एकूण तीन ते सहा महिने. कुत्री टवटवीत दिसली म्हणून मध्येच बंद केलं की आजार उलटतो, आणि अचानक तोडलेल्या स्टेरॉइडमुळे ती कोसळूही शकते. दुखतंय म्हणून मेलॉक्सिकॅम कुणी दिलं तर घेऊ नका. स्टेरॉइडबरोबर त्याने जठराला जखमा होतात.

ताकभात:
स्टेरॉइडच्या जोडीला प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध म्हणून ॲझाथायोप्रिन लिहून दिलं तर गोळी तोडू नका, हातमोजे घालूनच द्या आणि यकृताची तपासणी ठरलेल्या तारखांना करा. त्याऐवजी मायकोफेनोलेट दिलं तर जुलाबांकडे लक्ष ठेवा.